खाडीत पहिलं पाऊल

रंगाचा कारखाना बंद झाला, तरी त्याचा जांभळा गाळ आमच्या खाडीत साचून होता; तिथे मासा-चिंबोरी काही उरलं नव्हतं. यंत्रांनी तो उपसल्यावर सरकारी साहेबांनी सांगितलं, पाणी आता स्वच्छ आहे. आम्ही सगळे काठावर जमलो, पण कोणी उतरेना. याच पाण्याने काशीमावशीच्या पायांची कातडी सोलली होती. तीच लुगडं खोचून पुढे झाली.

“मावशी, नको,” मी म्हणाले.

“कुणीतरी उतराया पायजे,” ती म्हणाली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

आम्ही नुसते तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. गाळ यंत्राने निघतो. अंगात बसलेली भीती कशाने निघते, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं.

एकाएकी तिने पाय झटकला. तिला ओढायला मी हात पुढे केला. मावशी वाकली, तिने पाण्यात हात घातला आणि नांग्या हलवणारी बोटाएवढी चिंबोरी वर धरली.

“चावली गो मला,” ती म्हणाली आणि तिने चिंबोरीला अलगद पाण्यात सोडलं.