चाळीस डॉलरचं कार्ड

अमेरिकेतल्या आमच्या सीडर रॅपिड्स गावात अर्लीन नोव्हॉटनीला फसवणारा अजून जन्माला यायचाय. निदान ती तरी असंच म्हणते. मी बावीस वर्षं तिच्या समोर राहते आणि तिच्या तळघरातली खोकी मी पाहिली आहेत. मिक्सर, इस्त्री, टोस्टर, सगळ्यांची रिकामी खोकी, आणि प्रत्येकाला एक चौकोनी भोक. तिथला बारकोड कापायचा, मूळ पावती जोडायची, फॉर्म भरून कंपनीला पाठवायचा. मग दोन-तीन महिन्यांनी किमतीतले थोडे पैसे परत येतात, ते रिबेट.

"येतात कसले, आणावे लागतात," अर्लीन म्हणते. "त्यांचा सगळा धंदा आपल्या आळसावर चालतो. तारीख चुकली की गिळले त्यांनी."

म्हणून ती प्रत्येक कागदाची लायब्ररीत झेरॉक्स काढते, शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते आणि पाकिटावरचा शिक्का पोस्टाच्या खिडकीशी उभी राहून डोळ्यांदेखत मारून घेते.

अख्ख्या जगात तिचा विश्वास एकाच माणसावर होता, आमच्या पोस्टमनवर. डॅरिल रोज अकराला यायचा आणि पायरीवर उभ्याउभ्या तिच्या हातचा कोलाच, म्हणजे खसखस भरलेला गोड पाव, खाऊन जायचा. असं सतरा वर्षं चाललं होतं.

त्या वसंतात तिने व्हॅक्यूम क्लीनर घेतला. रिबेट चाळीस डॉलरचं. तेरा आठवडे झाले तरी पैसे नाहीत. फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, चेक सहा जूनलाच पाठवलाय.

"पाठवला, मग गेला कुठे?" अर्लीनने मला विचारलं आणि रस्त्याकडे पाहिलं. डॅरिल लंगडत येत होता. मला तिची ती नजर अजिबात आवडली नाही.

"अगं, डॅरिल? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पैसे लागतात माणसाला."

"चाळीस डॉलरमध्ये गुडघा येतो होय?"

"माझे चाळीस, तुझे चाळीस. किती घरांची टपाल वाटतो तो, मोज की!"

मी चिडून घरी आले. तिने मात्र पोस्टात तक्रार दिलीच, झेरॉक्ससकट. चौकशी होईपर्यंत डॅरिलला टेकडीच्या भागात पाठवलं. तिथे घराघराला वीस-वीस पायऱ्या. निवृत्तीला त्याचं एकच वर्ष राहिलं होतं. सगळी गल्ली हळहळली, अर्लीन सोडून.

सप्टेंबरात ती तापाने पडली आणि मला सामानाची यादी दिली: कोबी, अंडी, खसखस. जाहिरातींची कार्डं ती फेकत नाही, कोऱ्या जागेत याद्या लिहिते. दुकानात मी सहज कार्ड उलटवलं. मागे चक्क चेक छापलेला होता: तिचं नाव, चाळीस डॉलर आणि तारीख सहा जून. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: नव्वद दिवसांनंतर रद्द.

मी खसखस न घेताच परतले आणि कार्ड तिच्या पांघरुणावर टाकलं.

तिने चष्मा लावला. "हे? हे आलं होतं. कंपनीचं नाव नाही, भलत्याच राज्यातला पत्ता. मला वाटलं, खोटा चेक. वटवला की कर्ज गळ्यात. असल्याला भुलणारी मी..." मग ती रडली. मला तिची कीव आली आणि रागही आला.

ताप उतरायच्या आत तिने पोस्टात जाऊन लिहून दिलं: कार्ड मला मिळालं होतं, मीच ते जाहिरातींत टाकलं, चूक माझी. त्याचीही झेरॉक्स काढायला ती विसरली नाही.

पुढच्या सोमवारी डॅरिल परत आला. अकरा वाजता अर्लीन बशीत गरम कोलाच घेऊन पायरीवर उभी होती. मी माझ्या खिडकीतून बघत होते.

"डॅरिल, माझं चुकलं रे. फार चुकलं."

"होतं असं, मिसेस नोव्हॉटनी." सतरा वर्षं तो तिला अर्लीन म्हणत होता. बशीकडे न बघता त्याने खिशातून एक छोटी वही काढली. "विजेचं बिल एक, जाहिरातीची कार्डं दोन. दोन्ही बाजू बघून घ्या आणि इथे सही करा."

तिने बशी खाली ठेवली आणि सही केली. आता ती रोज करते.