एका भिंतीचे दोन मालक

साताऱ्यात माझे ज्येष्ठ वकील शेताच्या बांधांचे दावे लढवत म्हातारे झाले. त्या बांधांचा मला वीट आला. मी सांगली गाठली आणि ठरवलं, इथं फक्त दुकानं, वखारी, गिरण्यांच्या शेड यांची कामं घ्यायची. "बांधकामाला गवंडी लागतो, वकील नव्हे," ज्येष्ठ म्हणाले. वर्षभर तेच खरं ठरत होतं.

मग हळदीचे एक व्यापारी आले. ते पेठेत वखार बांधणार होते. शेजारची जागा पलटणीतून परतलेल्या एका सुभेदारांची. त्यांना दुकानाचे गाळे काढायचे होते. लढाईचे दिवस, सिमेंट परवान्यावर. तेव्हा दोघांनी मिळून मध्ये एकच भिंत घालायची, असं तोंडी ठरलं. कागद करा, म्हणून मी तीनदा सांगितलं.

"आवं वकीलसाहेब, सुभेदारांचा शबुद हाय की!" व्यापारी म्हणाले.

भिंत उभी राहिली. व्यापाऱ्यांनी तिच्यात तुळया बसवल्या. सुभेदारांनी उजेडासाठी तिलाच खिडकी पाडली, ती थेट हळदीच्या पोत्यांवर उघडली. दोघं भांडत माझ्याकडे आले.

"माझ्या भिंतीत ह्यांची खिडकी?"

"आन माझ्या भिंतीत ह्यांच्या तुळया?"

"भिंत आहे कुणाच्या जागेत?" मी विचारलं. दोघांनीही बरोबर आणलेल्या गवंड्याकडे बोट दाखवलं. तो वयस्कर मुसलमान कारागीर, दोघांचंही काम त्याचंच.

"चुन्याची फक्की मधोमध मारली हुती साहेब. गाड्यांनी मिटवली. मग नदरंनंच दोरी धरली. पर भिंत लय सरळ हाय, ओळंबा लावून बगा."

मी कपाळाला हात लावला. खरेदीखतं घेऊन भर उन्हात जागेवर गेलो. खतात लिहिलं होतं: हद्दीवर कडुनिंबाचं झाड.

"झाड कुठाय?"

"तोडलं की," व्यापारी म्हणाले. "ह्या तुळया त्येच्याच."

मला रडावं की ओरडावं कळेना. ओरडलोच. त्याचा मात्र उपयोग झाला, दोघं वरमले. भिंत सामाईक, तुळया दोघांनीही टेकवायच्या, खिडकी बुजवायची, उजेडाला सुभेदारांनी छपरात काचेची कौलं घालायची. मी सगळं स्वच्छ अक्षरात लिहून काढलं. सही करता करता सुभेदारांचा हात थांबला.

"आन पागोळ्या कुणाच्या बाजूला पडायच्या?"

मी कागद फाडला आणि पुन्हा लिहायला बसलो. यावेळी पन्हळ, नाली, सगळं घातलं. दोघांनी सह्या केल्या, कागद नोंदवला गेला, आणि पुढं त्यांच्यात कधी वाद झाल्याचं ऐकलं नाही.

त्यांच्याच सांगण्यावरून माधवनगरचे एक कारखानदार आले. नव्या शेडचा करार करायचा होता. मी खुशीत कोरा कागद ओढला. "काम कधी सुरू करणार?"

"सुरू कसलं? छपरावर पत्रं चढलं की!"

मी दौतीला झाकण लावलं, टोपी घातली आणि त्यांच्याबरोबर निघालो.