चौकशी न करता बोललेलं एक वाक्य

चाकणच्या एका कंपनीत मी सात वर्षं क्वालिटीला होते. व्हर्नियर हातात घेऊन दिवसभर पार्ट मोजायचे. कंत्राट संपल्यावर तेच मोजणं मोबाइलसमोर शिकवायला लागले. पिंपरीच्या आमच्या दोन खोल्यांत रेकॉर्डिंग चालायचं तेव्हा वडील पंखा बंद करून घामाघूम बसून राहायचे.

लांब व्हिडिओंवर जाहिरातींचे पैसे यायचे, पण कधी किती याचा नेम नाही. रील लाखभर लोक बघायचे, त्यातून हाती काही लागायचं नाही. फक्त नवी माणसं यायची. त्यातली थोडी रविवारच्या ऑनलाइन क्लासला फी भरायची. घर खरं त्यावर चालायचं. एक रील पडली की क्लास रिकामा होणार, या धास्तीने मी भाजी फोडणीला टाकतानाही फोन बघायचे.

अशाच एका पडत्या महिन्यात नोकऱ्या लावून देणाऱ्या एका एजन्सीने मिनिटभराची जाहिरात मागितली. मोबदला तीन महिन्यांच्या क्लासएवढा. लिहून दिलेलं वाक्य मी हसत म्हटलं: चाकणमध्ये मुलींना क्वालिटीत खात्रीची नोकरी. तू चौकशी केलीस का, असं वडिलांनी विचारलं. सगळेच करतात, म्हणून मी विषय संपवला.

महिनाही झाला नसेल, एका दुपारी क्लासमधल्या मुलीचा फोन आला. लातूरकडची. बॅग घेऊन चाकणच्या चौकात उभी होती. एजन्सीने तिला गोदामात खोकी भरायला नेलं होतं, तेही पंधरा दिवसांपुरतं, आणि ते दिवसही संपले होते. ती चिडली नव्हती, हेच मला सोसेना.

"ताई, तुमी म्हनलात म्हनून आले," ती म्हणाली. "गावाकडची शाळेतली नोकरी सोडली."

तिला तिथेच थांबायला सांगून मी बस पकडली. मोशीला ट्रॅफिकमध्ये बस अडकली आणि सवयीने मी फोन उघडला. ती जाहिरात जोरात चालली होती. खाली मुली पत्ता विचारत होत्या. मी बसमध्येच ती काढून टाकली.

तिला घरी आणलं. संध्याकाळी नवा व्हिडिओ केला: मी चौकशी न करता बोलले, माझं चुकलं. एजन्सीने नोटिशीची भाषा केली, ठरलेल्या आणखी दोन जाहिराती हातच्या गेल्या, आणि कुणीकुणी शिव्याही घातल्या. वडील एवढंच म्हणाले, "माफी झाली. आता पोरीचं बघ."

माझ्या जुन्या सुपरवायझरांना फोन केला. शब्द टाकणार नाही, परीक्षा घेतो, असं ते म्हणाले. आठवडाभर ती आमच्या ओट्यावर नटबोल्ट मोजत बसली, त्यांच्या परीक्षेत पास झाली, आणि ते आता काम करतात त्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लागली. कंत्राटावरच, पण क्वालिटीत. आता दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते.

माझं उत्पन्न मात्र खाली आलं ते आलंच. आठवड्यातून तीन दिवस सकाळी मी एका प्रशिक्षण केंद्रात शिकवायला जाते. परवा औजारांच्या एका दुकानाने जाहिरात देऊ केली. त्यांचं माप तपासायचं गेज मी आधी वापरून बघतेय. रोज त्यांचे दोन मेसेज येतात, माझा जीव वरखाली होतो, आणि अजून मी हो म्हटलेलं नाही.