झोपेत गेला, असं मी सांगितलं

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटचं पोस्टिंग उत्तरेत, बर्फात. गाव मोडनिंब, त्यामुळं थंडी म्हणजे हुरड्याच्या दिवसांत पडते तेवढीच ठाऊक. चौकीवर आम्ही आठ जण. बर्फ उपसायचा, स्टोव्ह पेटता ठेवायचा, पाळीनं पहारा द्यायचा आणि रेडिओवर 'ऑल ओके' कळवायचं. रोज हेच.

माझा बडी लान्स नायक शिवलिंग, अक्कलकोटकडचा. फौजेत बडी म्हणजे जोडीदार. एक झोपला की दुसऱ्यानं जागायचं. पहाऱ्यावरही हा गडी मांडी घालूनच बसायचा. सुभेदारसाहेब ओरडायचे, "कीर्तनाला बसलास काय?" त्याच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं. मी चेष्टा करायचो, "तुझ्या देवाला थंडी वाजत असंल की." तो म्हणायचा, "म्हणून तर कोटाच्या आत ठेवलाय."

त्या सकाळी पुढच्या पोस्टवर त्याची पाळी होती. मी तंबूत, रेडिओवर.

"शिवा, रिपोर्ट."

"ऑल ओके. चहा ठेव."

चहाला उकळी यायच्या आत वरचा बर्फ सुटला. मी हाका मारत राहिलो. रेडिओत नुसती खरखर. सहाव्या दिवशी आम्ही त्याला खणून काढलं. हॉस्पिटलात त्याला सरळ करून पेटी बंद केली आणि ती उघडायची नाही असा हुकूम झाला. गेलेल्या जवानाला त्याच्याच युनिटचा माणूस घरी पोचवतो. एस्कॉर्ट म्हणून मी गेलो.

शिवा लिंगायत. त्यांच्यात माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. कपाळी विभूती, डाव्या तळहातावर लिंग. शेतात खड्डा तसाच खणला होता, खोल आणि अरुंद. आमची पेटी आडवी. गावकऱ्यांनी खड्डा लांब केला. सलामी झाली. त्याच्या आईला सगळे अव्वा म्हणायचे. तिनं मला एवढंच विचारलं, "तरास झाला का रे अप्पा?"

"न्हाई अव्वा. झोपेतच गेला."

फौजेत आम्ही सगळे हेच सांगतो. आईचं काळीज हलकं व्हावं म्हणून सांगतो.

मी निवृत्त होऊन घरी आलो आणि अव्वाच्या लेकीचा फोन आला. अव्वा जमिनीला पाठ टेकत नव्हती. भिंतीला टेकून, बसूनच रात्र काढायची. अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी सोलापूरला समुपदेशनाला न्यायला सांगितलं होतं, आणि अव्वा म्हणत होती, अप्पा आला तरच येते. मी गेलो.

मला तो प्रकारच कळेना. ना गोळी, ना इंजेक्शन. गोल मांडलेल्या खुर्च्या, घरचं कुणी गमावलेली चार माणसं आणि सावकाश बोलणाऱ्या एक बाई. अव्वा आणि मी नुसते ऐकायचो. असे काही शनिवार गेले. एकदा बाईंनी मलाच विचारलं, "आणि तुमचं काय, हवालदारसाहेब?"

"माझं काही नाही. मी एस्कॉर्ट आहे."

"अजून?"

मला राग आला. तेवढ्यात अव्वा बोलली.

"बाई, माजं लेकरू निजून गेलं. निजलेलंच पुरलं. त्येला बसवलं न्हाई की वो कुणी. मग मी कशी निजू?"

बाईंनी तिला समजावलं नाही. माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्हाला सापडला तेव्हा कसा होता?"

"बसला होता," मी म्हणालो, आणि आपण काय बोलून बसलो म्हणून घाबरलो.

"निजला नव्हता?" अव्वानं माझं मनगट धरलं.

"न्हाई अव्वा. पहाऱ्यावर होता. मांडी घालून बसला होता."

"दाव."

मी गुडघे सावरत फरशीवर उतरलो. मांडी घातली. उजवा हात रायफलीवर. डावा कोटाच्या आत, छातीशी.

"हात गारठला असंल," मी म्हणालो.

"गारठला न्हाई. लिंग घेतलं त्येनं हातात."

तिनं कनवटीची विभूतीची पुडी सोडली, माझ्या कपाळावर तीन बोटं ओढली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. ते माझ्याशी नव्हतं. मला रडू फुटलं. शिवासाठी, तिच्यासाठी की माझ्यासाठी, काही कळेना.

त्याचा हात गारठला होता की त्यानं लिंग धरलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. लान्स नायक शिवलिंग पहाऱ्यावर बसलेला होता, एवढं पक्कं.

परतीच्या एसटीत अव्वानं माझ्या खांद्यावर मान टाकली आणि ती गाढ झोपली. अक्कलकोट येईपर्यंत मी जागा राहिलो.