लाल पट्टा

मोटारींच्या शर्यतीत उतरायचं म्हणून दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा घ्यायला मी मंगरूळपीरच्या सीटकव्हरवाल्याकडे गेलो. मला लाल आवडला. त्यानं मला गाडीत बसवून तो आवळला.

“रुतते का?”

“नाही.”

तो चहाला निघून गेला. पट्टा सोडायचा कसा, हे मला ठाऊक नव्हतं. बसून राहिलो. परत आल्यावर त्यानं माझी कॉलर बाजूला सारली. मानेवर वळ उठला होता.

“मी पह्यले शंकरपटाच्या शर्यतीत धावनाऱ्या बैलायचे पट्टे शिवत होतो. बैलाले रुतलं का तो मान झटकते. मानूस रंग पाह्यते अन् नाही म्हन्ते.”

त्यानं रुंद, काळा पट्टा बांधला. “आता?”

“एकदम छान.”

तो पुन्हा चहाला गेला.