चार वेळा नेलेलं पुस्तक

कोर्टाच्या भाषांतर विभागातल्या या गृहस्थांना पट्टेवाल्यापासून वकिलांपर्यंत सगळे ‘तंतोतंत’ म्हणत. प्रत्येक कागदाखाली ते ठसठशीत अक्षरात लिहीत, ‘मूळ इंग्रजी मजकुराचे तंतोतंत व संपूर्ण भाषांतर’, आणि मग सही. एकतीस वर्षांत आपल्या कामात कुणी एका शब्दाची खोट काढली नाही, हे ते चारचौघांत सांगत. कुणी विचारलं नसलं तरी सांगत.

विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, दोन जाडजूड कोश आणि कागद उडवण्यापुरता फिरणारा पंखा. कामाची रीत ठरलेली होती. वरच्या मजल्यावरच्या शिरस्तेदारांकडून, म्हणजे मुख्य कारकुनांकडून, इंग्रजी कागदावर लाल पेन्सिलीच्या खुणा होऊन येत. दोन खुणांच्या मध्ये जे असेल तेवढं उतरवायचं, बाहेरच्या ओळीला हात लावायचा नाही. भाडेकरार आणि वीजमीटरचे तंटे यांना ही रीत चालून जाई.

पण दिवसभर करार उतरवणारा हा माणूस घरी गेला की कादंबऱ्यांत डोकं खुपसून बसे. तरुणपणी इंग्रजी साहित्य शिकले होते, पुढे स्वतः काहीबाही लिहिणारही होते. मग नोकरी लागली आणि ते राहून गेलं ते गेलंच. दर शनिवारी कारखान्यांच्या मागच्या सार्वजनिक वाचनालयात जायचं आणि एक इंग्रजी पुस्तक आणायचं, एवढंच उरलं होतं. त्यातलं एक त्यांनी चार वेळा आणलं. “अहो, पुन्हा तेच? पाठ करून परीक्षेला बसायचंय का?” असं बायकोनं विचारलं, तेव्हा त्यांनी तिला जेवताना त्यातला नववा भाग सांगितला होता आणि दोघंही ठसका लागेपर्यंत हसली होती.

त्या भागात एक गर्विष्ठ न्यायाधीश मेजवानीत म्हणतो की गरिबांची पोरं जन्मतःच चोर असतात, त्यांना वाचायला शिकवलं तर ती फक्त कुलपांवरची नावं वाचतील. पाहुणे माना डोलावतात. वाढणारी मोलकरीण मात्र मनातल्या मनात हसते, कारण गेली तीन वर्षं ती त्याची सगळी पत्रं वाचत असते. पुढे त्या पत्रांनीच न्यायाधीशाचं पितळ उघडं पडतं. सगळं पुस्तक त्या मोलकरणीच्या बाजूचं आहे.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई कामगार बायकांसाठी वाचनाचा तास घेत. इंग्रजी ओळ वाचायची, मग अर्थ सांगायचा. एका दिवशी एक गृहस्थ दारात छत्री मिटेपर्यंत थांबले, तेवढ्यात त्यांच्या कानावर नेमकं न्यायाधीशाचं वाक्य पडलं, आणि ते तसेच पोलिसांकडे गेले. गरिबांचा अपमान करून तेढ पसरवल्याचा खटला बाईंवर उभा राहिला. पुस्तक जप्त झालं आणि लाल खुणा होऊन नेमकं जिन्याखालच्या टेबलावर आलं.

खुणा न्यायाधीशाच्या वाक्याभोवती होत्या. अलीकडे ‘न्यायाधीश म्हणाला’ होतं, पलीकडे मोलकरीण होती. दोन्ही खुणांच्या बाहेर. तंतोतंतांनी उतारा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा खाली टीप लिहिली: ‘हे शब्द एका पात्राचे आहेत. पुस्तक त्या पात्राची थट्टा करते.’

शिरस्तेदारांनी ती बोटानं झाकली. “भाषांतर करा, रसग्रहण कशाला? तुमच्या मुदतवाढीचा अर्ज माझ्याकडेच आहे. साहेबांना मी काय सांगू, हे गृहस्थ आता वकिली करायला लागलेत?”

निवृत्तीला दोन महिने होते. तंतोतंतांनी कागद पुन्हा टंकला, टिपेशिवाय, आणि खाली नेहमीसारखं लिहिलं, ‘तंतोतंत व संपूर्ण’. ‘संपूर्ण’ लिहिताना त्यांचे कान तापले. आपण काय करतो आहोत हे त्यांना नीट कळत होतं, म्हणून त्यांची गय करायचं काही कारण नाही.

सुनावणीत बाईंच्या वकिलानं अर्ज दिला, सगळा नववा भाग भाषांतरित व्हावा. कोर्टाच्या भाषेत, म्हणजे मराठीत, नसलेलं काही नोंदीवर येत नसे. तंतोतंतांना पिंजऱ्यात बोलावून शपथ दिली.

खटला चालवणाऱ्या साहेबांनी विचारलं, “या ओळी कळायला मागचंपुढचं लागेल का?”

समोर बाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. शिरस्तेदार फाईल चाळत होते. हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग ‘संपूर्ण’ कसं लिहिलंत?

“सांगता येणार नाही, साहेब,” तंतोतंत म्हणाले. “मी ते पुस्तक वाचलेलं नाही.”

अर्ज फेटाळला गेला. महिन्याभरात निकाल लागला. बाई दोषी ठरल्या, वाचनाचा तास बंद झाला, नोकरी गेली. तंतोतंतांची मुदतवाढ मंजूर झाली, आणि विभागात त्यांचं अभिनंदन झालं तेव्हा पायाखालची फरशी दुभंगावी असं त्यांना वाटलं. लोक म्हणाले, किती विनयशील माणूस.

त्यानंतर तीन शनिवार ते वाचनालयाकडे फिरकले नाहीत. चौथ्या आठवड्यात बाईच जिन्याखाली आल्या. त्यांनी पिशवीतून एक पिवळट कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पुस्तकाच्या मागच्या खिशात असतं, तसलं.

“पोलिसांना पुस्तक देण्याआधी काढून ठेवलं होतं, काका,” त्या म्हणाल्या. “वाचकांना उगाच त्रास नको म्हणून. आता नवा माणूस येतोय, तो जपेल की नाही कोण जाणे. तुमच्याकडेच असू द्या. हे पुस्तक दुसऱ्या कुणी नेलंच नव्हतं.”

कार्डावर चार सह्या होत्या. चारही त्यांच्या, ठसठशीत.

“तुम्ही... तुम्ही कोर्टात हे दाखवायचं होतं,” तंतोतंत कसंबसं म्हणाले. “त्याच दिवशी सुटला असतात.”

“वकीलसाहेबही तेच विचारत होते, कोण नेतं हे पुस्तक म्हणून. पण कोण काय वाचतं ते मी कुणाला सांगत नाही. सांगायला लागले तर उद्या कोण येईल पुस्तक न्यायला?” एवढं बोलून त्या निघाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “मला तर जेवता जेवता सगळा भाग सांगितला होतात.” ते ताटावरून उठले.

अपिलाची मुदत संपायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहिलं: पुस्तक चार वेळा वाचलं आहे, शपथेवर खोटं बोललो, वाक्य कुणाचं ते मला ठाऊक होतं. सोबत कार्ड जोडलं. एक प्रत बाईंच्या वकिलाला दिली आणि दुसरी घेऊन वर गेले.

शिरस्तेदारांनी ती दोनदा वाचली. “खोट्या साक्षीचा गुन्हा अंगावर घेताय. कळतंय ना?”

“अंगावर आहेच. नोंदीवर तेवढा नाही.”

शिरस्तेदारांनी सवयीनं लाल पेन्सिल उचलली. “बरं. यातलं कुठून कुठवर घ्यायचं?”

“सगळं,” तंतोतंत म्हणाले. मान वर करून बघणं काही त्यांना जमलं नाही.