दिशाबाई आणि लिफ्टचं गणित

मुलं त्यांना दिशाबाई म्हणायची. फळ्यावर कोणी नुसतं ‘वेग वीस’ लिहिलं की बाई खडू आपटून विचारायच्या, “वीस, पण कुठे? घरी चाललाय की घरातून पळून?” वर्ग हसायचा आणि गुपचूप बाण काढायचा.

सहाव्या मजल्यावर बाई आणि त्यांची धाकटी बहीण, अशा दोघीच राहत. बहीण पोस्टात होती. घसा कायमचा बसला म्हणून बाईंनी कॉलेजातली नोकरी सोडली आणि घरातच अकरावी-बारावीचा फिजिक्सचा क्लास सुरू केला. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं की पुढच्या खोलीत मुलं दाटीवाटीने मावायची. बाईंचा आवाज इतका बारीक यायचा की खोड्या काढायच्या तरी आधी कान द्यावे लागत.

इतक्या वर्षांत मुलांच्या चुका त्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. सेंटिमीटरचे मीटर करायला विसरायचं, ही पहिली. उतार दिसला की न बघताच कोसाइन ठोकून द्यायचं, ही दुसरी. वर फेकलेला चेंडू शेंड्याला पोचला की तिथे त्वरणही शून्य होतं, ही तर दरवर्षीची. बाई म्हणायच्या, “अरे, वेग शून्य झाला म्हणून पृथ्वीने काय सुट्टी घेतली? त्वरण शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता ना?”

पण त्यांचा खरा राग होता तो फुकटच्या बाणावर. वस्तू पुढे चालली आहे ना, मग तिच्यावर पुढच्या दिशेने बल असणारच, असं समजून मुलं आकृतीत एक जादा बाण घुसडून देत. बाई त्या बाणावर बोट ठेवत. “हा कोणाचा? दोरीचा? जमिनीचा? पृथ्वीचा? मालकाचं नाव सांगता येत नसेल तर खोड.”

त्या वर्षी सत्राच्या मध्यावर एक नवी मुलगी आली. हुशार, पण अबोल. लिफ्ट असूनही ती सहा मजले जिन्यानेच चढून यायची आणि दाराशी धापा टाकत उभी राहायची, म्हणून मुलांनी तिचं नाव ‘धापा’च ठेवलं. व्यायामाचं वेड असेल, असं बाईंना वाटलं.

मग लिफ्टचं गणित आलं. लिफ्ट एकाच वेगाने वर चालली आहे, आत वजनकाट्यावर माणूस उभा आहे, काटा किती दाखवेल? सगळ्यांनी लिहिलं, वजनापेक्षा जास्त. का, तर लिफ्ट वर चालली आहे. बाईंनी कपाळाला हात लावला. “वर जाण्याने काही होत नाही रे. वेग बदलला तर आकडा बदलतो. निघताना वाढेल, थांबताना कमी होईल, मधल्या वेळात जसाच्या तसा. चला, उठा. दाखवतेच.”

बहिणीचा वजनकाटा काखोटीला मारून बाई लिफ्टशी गेल्या. एकेकाला काट्यावर उभं करून तळापासून वर न्यायचं. पहिला मुलगा चढला. निघताना काट्याची सुई टुणकन पुढे गेली, परत आली आणि वरपर्यंत एका जागी राहिली. थांबताना खाली झुकली. “बघितलंस?” बाई खूश होऊन म्हणाल्या. दुसरी, तिसरी, चौथा, सगळ्यांचं तसंच. पोरं एकमेकांच्या वजनावरून खिदळत वर्गात परतली.

शेवटी धापा उरली. ती लिफ्टच्या दारात घुटमळली.

“मी नाही आले तर चालेल का, बाई?”

“अगं, खाणार आहे का लिफ्ट तुला? ये.”

ती काट्यावर चढली. सुई शेहेचाळीसवर. लिफ्ट निघाली, सुई उडाली, परत शेहेचाळीसवर आली. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला लिफ्ट थांबली नाही, मंदावलीसुद्धा नाही. पण सुई सावकाश पुढे सरकली आणि पंचावन्नच्या आसपास जाऊन तिथेच उभी राहिली. चौथा मजला गेला. सुई हलेना. पाचवा आला, आणि सुई अलगद परत शेहेचाळीसवर.

बाईंनी चष्मा पुसला. “परत,” त्या म्हणाल्या.

परतही तेच झालं. मुलीने काट्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ती समोरच्या दाराकडे बघत, डावा हात किंचित वाकवून उभी होती.

बाईंनी मुलांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पाण्याचा कॅन काट्यावर ठेवून फेऱ्या मारल्या. मग पुस्तकांनी भरलेली पेटी. मग स्वतः. मग “तुझं वजन बघू” म्हणून जेवायला घरी आलेल्या बहिणीला. सगळ्यांचं पुस्तकात लिहिल्यासारखं. बहीण म्हणाली, “ताई, तुझं डोकं फिरलंय. लिफ्टमध्ये बसून वजन कोण करतं?”

त्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर बाईंनी मुलीला थांबवून घेतलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, खालून सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या. बाईंनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. “काल काट्यावर तू होतीस. आकृती काढ.”

तिने एक चौकोन काढला. पृथ्वीचा बाण खाली. काट्याचा बाण वर. मग बराच वेळ पेन्सिल चावली आणि खाली जाणारा आणखी एक बाण काढला.

“हा कोणाचा?” बाईंनी सवयीने विचारलं.

मुलीने बाणाशेजारी लहान अक्षरात लिहिलं: गट्टू.

“गट्टू कोण?”

“माझा भाऊ. तुम्ही इथे यायच्या आधी आम्ही याच इमारतीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. आजी पाचव्यावर. मी शाळेतून आले की तो लिफ्टशी येऊन उभा राहायचा. त्याला कडेवर घेऊन आजीकडे न्यायचं. पायी यायचाच नाही, फार लाडोबा होता.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “तापात गेला. मग आम्ही घर बदललं, आजीलाही घेऊन गेलो. तो अजून लिफ्टशी येतो, हे आईला माहीत नाही, बाई. सांगू नका.”

 उन्हाचा पट्टा बाईंच्या पायांवर पडला होता, तरी पाय गार पडले.

“म्हणून तू जिन्याने येतेस? भीती वाटते?”

“तो येतो त्याची नाही वाटत. पाचव्यावर उतरतो ना, तेव्हा एकदम हलकं होतं. ते सहन होत नाही.”

हा बाण खोड, असं म्हणायला बाईंची जीभ रेटली नाही. त्यांनी कागदाची घडी केली आणि तिच्याच हातात दिली.

बाईंना काळजी लागली ती वेगळीच. पोरगी परीक्षेत लिफ्टचं गणित कसं सोडवणार? तिने स्वतः अनुभवलेलं उत्तर चूक होतं, आणि खोटं तर नव्हतं. सराव परीक्षेत त्यांनी मुद्दाम तोच प्रश्न घातला. धापाचा पेपर आधी काढून तपासला. उत्तर बरोबर होतं. एकाच वेगाने जाणाऱ्या लिफ्टमध्ये काटा खरं वजन दाखवतो. आकृतीत दोनच बाण.

“हे कसं काय लिहिलंस?” त्यांनी हळूच विचारलं.

“प्रश्नातला माणूस एकटा आहे, बाई,” ती म्हणाली.

त्यानंतर ती लिफ्टने येऊ लागली. दाराशी आता धापा नसत. कधी डोळे ओले असत, कधी हसू असे, आणि बाई दोन्हींकडे काणाडोळा करून शिकवणं चालू ठेवत. चांगले मार्क मिळवून ती दूरच्या शहरात इंजिनिअरिंगला गेली.

बाई मात्र बदलल्या. लिफ्टमध्ये एकट्या असल्या तरी त्या एका कोपऱ्यात सरकून उभ्या राहत, जागा सोडून. सहाव्याला जायचं असलं तरी पाचव्याचंही बटण दाबत, दार उघडू देत, आणि ते आपणहून मिटेपर्यंत काही बोलत नसत. बहिणीने दोनदा हटकलं, मग नाद सोडला.

पुढे इमारतीच्या कमिटीने जुनी लिफ्ट काढून नवी बसवली. चकचकीत, आरशाची. तिचं काम चालू होतं त्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. पलीकडे तीच मुलगी होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “बाई, तुमची लिफ्ट काढली का?”

“हो, सोमवारीच. तुला कोणी सांगितलं?”



“इथे होस्टेलला लिफ्ट आहे,” ती म्हणाली. “मंगळवारी वर येत होते. तिसऱ्या मजल्यावर...”

बाई खुर्चीत बसल्या. “मग?”

“मग काय. घेतलं कडेवर.”

“आणि तिथे कितव्या मजल्यावर उतरतो?”

“अजून उतरला नाही, बाई.”

तिचा आवाज दमलेला होता, पण त्यात तक्रार नव्हती.  बल, वजन, दिशा, सगळं बाईंच्या डोक्यातून गेलं होतं.

“एकाच बाजूला घेऊ नकोस,” शेवटी त्या म्हणाल्या. “कंबर धरेल. हात बदलत जा.”